लग्नपत्रिकेतली मुलगी कोण

आमच्या सुनेच्या दोन बॅगा वर्षभराहून जास्त दिवस पुढच्या खोलीत भरून उभ्या होत्या. उभ्या म्हणजे खरंच उभ्या, भिंतीला टेकून. दारातून आत येणाऱ्याला आधी त्या दिसायच्या, मग आम्ही. त्यामुळे आलेला माणूस पाणी प्यायच्या आधीच विचारायचा, "मग, कधी निघायचं?" शेवटी मी त्यांच्यावर जुनी सतरंजी टाकली. तर लोक विचारायला लागले, "सतरंजीखाली काय आहे?"

मुलगा कॅनडात. आधी तिकडे शिकला, मग नोकरीला लागला, मग त्याला कायमचं राहायची परवानगी मिळाली. त्यानंतर तो आला, आम्ही त्याचं लग्न केलं, आणि तीन आठवड्यांत तो परत गेला. सून आमच्याजवळ राहिली, मखमलाबादच्या बाजूला, गुलाबाच्या मळ्यात. नवऱ्यानं बायकोसाठी अर्ज करायचा, तिनं इथून कागद द्यायचे, की तिलाही तिकडची कायमची परवानगी मिळते, असं आम्हाला सांगितलेलं. सगळे म्हणाले, सहा-आठ महिने. त्या भरवशावर तिनं शाळेतली शिकवायची नोकरी सोडली, बॅगा भरल्या, आणि आमच्या यांनी त्या बॅगा फुलांच्या काट्यावर ठेवून तोलूनही दिल्या. तेवीस किलोला एक पाव कमी. "बाजारात एवढं बरोबर वजन कुणाला दिलं नसेल," असं म्हणाले.

सुनेचं नाव मी इथं लिहीत नाही. तिला दोन नावं आहेत आणि सगळी गोष्ट त्या दोन नावांचीच आहे. पण नाव न घेता बोलायची मला सवय आहे. ती सवय कुठली, ते पुढे येईलच.

सहा महिने गेले, आठ गेले. सकाळी आम्ही दोघी फुलं तोडायला वावरात उतरायचो तेव्हा मुलाकडे संध्याकाळ असायची. तो कामावरून सुटायचा आणि फोन करायचा. सून फोन ओढणीत खोचायची, कानात ते फोनचं बोंडूक घालायची आणि तोडता तोडता बोलायची. मी चार सऱ्या पुढे निघून जायची. नवराबायकोचं बोलणं, आपण कशाला ऐकायचं. पण गुलाबाच्या वावरात आवाज लपत नाही. आधी आधी दोघं घर कसं लावायचं ते बोलायचे, पडदे कुठल्या रंगाचे. नंतर नंतर नुसतं, "आज काय खाल्लं?" "वरणभात." "मी पण." मग बराच वेळ कात्रीचाच आवाज.

फोन ठेवला की ती अर्जाचं बघायची. मी विचारायची, "काय म्हणतंय?"

"तेच, अहो आई. काम चालू आहे."

"कोण करतंय काम?"

"ते नाही लिहिलेलं."

दर दिवशी हेच. मला त्या न दिसणाऱ्या साहेबाचा राग यायचा आणि मग दयाही यायची. त्याच्या टेबलावर अशा किती सुना पडल्या असतील. आमचे हे म्हणायचे, "बाजारात माल जास्त आला की आपली पाटी बाजूला राहतेच की. मालात खोट असते असं नाही." हे त्यांचं बोलणं तिला जरा बरं वाटायचं.

बॅगेतला गोडा मसाला मी दोनदा बदलला. पहिल्याचा वास उडाला होता. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "राहू द्या, निघताना भरू." आणि स्वतःच पुढे म्हणाली, "निघताना." तो शब्द तिनं असा उच्चारला, जसं एखाद्या गावाचं नाव असावं. डॉक्टरी तपासणीची मुदत वर्षाची होती, ती संपली. परत छातीचा फोटो, परत रक्त. त्या दिवशी ती घरी आली आणि तशीच झेंडूच्या माळा ओवायला बसली. संध्याकाळपर्यंत चाळीस माळा. मी म्हटलं, "अगं, मागणी वीसचीच होती." ती म्हणाली, "मग उद्याच्या झाल्या." उद्यापर्यंत फूल मऊ पडतं हे तिला माहीत होतं. मी त्या देवाच्या नावानं गल्लीत वाटून टाकल्या.

लोक बोलायचे ते वेगळंच. आमच्या भिशीत एकीनं मला विचारलं, "तिकडे त्यानं दुसरं काही जमवलं नाही ना? हल्ली ऐकतो बाई." मी म्हटलं, "तो अजून स्वतःच्या बनियनला टाके घालून घेतो. दुसरी असती तर निदान बनियन तरी नवा दिसला असता फोनवर." सगळ्या हसल्या. पण सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती, तिनं ऐकलं. पुढच्या भिशीला ती खोलीतून बाहेर आली नाही.

आणि मग ते पत्र आलं.

आम्ही ओट्यावर वीस-वीस गुलाबांच्या जुड्या बांधत होतो. फोन वाजला नाही, नुसता उजळला. तिनं वाचलं. परत वाचलं. हातातली जुडी तशीच, रबर न लावलेली.

"अहो आई," ती म्हणाली, "ते विचारतायत, लग्नपत्रिकेतली मुलगी कोण."

मला कळेना. मी म्हटलं, "कोण म्हणजे? तू."

"लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव आहे. पासपोर्टवर तेच. पण पत्रिकेवर दुसरं आहे. स्टेजच्या फोटोत माझ्यामागं फुलांनी लिहिलंय ते दुसरं आहे. शेजाऱ्यांनी लग्नाची साक्ष म्हणून जी पत्रं लिहून दिली, त्यांतही दुसरंच. आणि अर्जात विचारलं होतं, आणखी कुठलं नाव वापरता का. मी लिहिलं, नाही." तिनं फोन पालथा ठेवला. "त्यांना वाटतंय यांनी लग्न दुसरीशी केलं आणि अर्ज माझा भरला. तीस दिवस दिलेत. नाहीतर अर्ज नामंजूर होऊ शकतो."

मी हातातली फुलं खाली ठेवली. कारण ते दुसरं नाव माझं होतं. म्हणजे मी ठेवलेलं.

आता ते का ठेवलं, ते सांगते. सुनेचं माहेरचं नाव आणि माझ्या सासूबाईंचं नाव एकच. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. आमच्यात सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही. कुणी सांगावं लागत नाही, आपसूक जीभ वळत नाही. एकदा आत्याबाईंच्या पोटात कळा यायला लागल्या, हे बाजारात गेलेले, मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या मुलीनं केसपेपरसाठी विचारलं, पेशंटचं नाव? मी गप्प. परत विचारलं. मी म्हटलं, माझी सासू आहे. ती म्हणाली, मावशी, सासू हे नाव नसतं. मागं माणसं खोळंबली. बाकावरून आत्याबाई पोट दाबत ओरडल्या, "अगं सांग की. मी सांगते तुला, सांग." तरी माझ्याच्यानं होईना. शेवटी त्याच कण्हत उठल्या, खिडकीशी आल्या आणि स्वतःचं नाव सांगितलं. वर मला म्हणाल्या, "तुझ्या मानापायी मरायची मी." पुढं बऱ्या झाल्यावर ही गोष्ट त्या आल्यागेल्याला हसून सांगायच्या. आता त्या नाहीत. पण नसल्या म्हणून जीभ थोडीच सैल होते.

अशात घरात सून येणार तीच त्या नावाची. तिला हाक कशी मारायची मी? आणि आमचे हे म्हणाले, "पत्रिकेत पोराच्या शेजारी नवरी म्हणून माझ्या आईचं नाव छापायचं? लोक काय वाचतील?" मग मी नाव काढलं. चांगलं काढलं, मला फार आवडायचं. मुलगी झाली असती तर तिला ठेवायचं होतं. वराकडच्या पत्रिकेत तेच छापलं. स्टेजच्या मागं झेंडूत लिहिलं ते मी माझ्या हातानं टाचलं, आणि तेही इंग्रजी अक्षरांत, मुलाच्या मित्रांना वाचता यावं म्हणून. अक्षरं भाच्याकडून कागदावर काढून घेतली होती. तो साहेब तिकडे बसून वाचू शकला तो त्यामुळेच. लग्नात मुलानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं तेच नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरी हसली. नवरीला कुणी विचारलं नव्हतं.

मलाही विचारलं नव्हतं माझ्या वेळी. माझंही माहेरचं नाव त्या ताटातच राहिलं. भाऊ आहे तोवर वर्षातून एकदा भाऊबीजेला ते ऐकू येतं.

त्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा तो आवाज चढवून बोलला. "आई, मी तेव्हाच म्हणालो होतो, हे नाव बदलायचं कशाला."

हे म्हणाले, "तू म्हणाला नव्हतास. तू अंगठी घेऊन लिहिलंस."

"तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं, दादा."

"मग आम्ही तांदळात सांगितलं होतं. तांदळातलं कॅनडात जाईल हे कुणाला ठाऊक."

मी सुनेला एवढंच विचारलं, "अगं, पण अर्जात 'दुसरं नाव नाही' असं का लिहिलंस? दोन वर्षं होत आली आम्ही तुला त्या नावानं हाक मारतो."

तिनं हातातलं रबर बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "खरं सांगू? माझ्या मनातच आलं नाही. ते घरातलं. तुमचं. मी त्याला ओ देते, पण ते माझं आहे असं मी कधी धरलंच नव्हतं." आणि लगेच म्हणाली, "रागावू नका हं."

रागावले नाही. पण लागलं. मला आवडलेलं नाव मी तिला लेकीसारखं दिलं होतं, आणि ती ते पाहुणीला नेसायला दिलेल्या साडीसारखं वापरत होती. घालायची, सांभाळायची, आपली म्हणायची नाही. त्यात तिची काय चूक. मी माझ्या वेळी काय वेगळं केलं होतं.

वकिलानं सांगितलं, दोघींची प्रतिज्ञापत्रं करा. तिचं एक, आणि ज्यांनी नाव बदललं त्यांचं एक, की दोन्ही नावांची मुलगी एकच. आम्ही दोघी सीबीएसच्या बसस्टँडवर उतरून कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाले बसतात तिथं गेलो. टायपिंगवाला तिशीचा, स्वेटर घातलेला, अतिशय चटपटीत. तिचं दहा मिनिटांत झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बोला आजी. सुनेचं माहेरचं नाव?"

मी सुनेकडे पाहिलं. ती सांगायला लागली तर तो म्हणाला, "तुम्ही नाही, ताई. प्रतिज्ञापत्र यांचं आहे, यांनी सांगायचं. शिक्का मारणाऱ्या वकीलबाई पण यांनाच विचारणार."

मी पिशवीतून पेन काढलं आणि त्याच्या कागदाच्या कोपऱ्यावर नाव लिहिलं. लिहायला काही नसतं. सातवीनंतर शाळा सुटली माझी, पण फुलांच्या पुड्यांचे पेपर वाचून वाचून मी लिहायला शिकले, लिहायला मी भीत नाही. त्यानं ते बघून टाईप केलं आणि हसला. "आजी, बोलायला काही त्रास आहे का?"

"बोलायला त्रास असता तर मी फुलं विकली नसती," मी म्हटलं.

मग वकीलबाईंपुढे उभं राहायचं. त्या तरुण होत्या, गडबडीत होत्या. कागद बघितला, माझं आधार बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, यात लिहिलंय ते वाचलंत ना? मग तोंडानं सांगा मला. ही कोण आहे? दोन्ही नावं सांगा."

मी म्हटलं, "लिहिलंय ना."

"लिहिलेलं टायपिंगवाल्यानं लिहिलंय. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला कुणी जबरदस्तीनं तर आणलं नाही ना, ते मला कसं कळणार?"

मागं पाच-सहा माणसं. अगदी दवाखान्याच्या खिडकीसारखं. सून माझ्या शेजारी उभी होती, तिनं मान खाली घातली. ती मला वाचवायला काही बोलली नाही, आणि मला वाटतं, तिला ऐकायचंच होतं. दोन वर्षांत या घरच्या एकाही माणसानं तिला तिच्या नावानं हाक मारली नव्हती. नवरासुद्धा आमच्यापुढे नवंच घ्यायचा. तिचा कागद तिकडे अडकला होता, नवरा तिकडे होता, नोकरी सुटली होती, आणि नावही आम्ही काढून घेतलं होतं. हे मला तिथं, त्या टेबलाशी उभं राहून कळलं.

मनात आत्याबाईंना म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात, सांग.

आणि मी सांगितलं. आधी तिचं, मग मी ठेवलेलं. "दोन्ही हीच. दुसरं मी ठेवलं. हिला विचारलं नव्हतं."

"शेवटचं लिहायची गरज नाही," वकीलबाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. काहीच झालं नाही. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, ते ओरडत राहिले.

घरी येऊन मी साहेबाला पत्र लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला राहवेना. सून म्हणाली, "आई, ते भाषांतर करून, शिक्का घेऊन पाठवावं लागेल. चार पानं झालीत." मी म्हटलं, मग दोन करते. त्यात केसपेपरची गोष्ट ठेवली, ती गाळली नाही. शेवटी लिहिलं, "साहेब, आमच्यात सासूचं नाव घेत नाहीत म्हणून मी सुनेचं बदललं. तिनं खोटं लिहिलेलं नाही. तिला ते नाव आपलं वाटलंच नाही, म्हणून लिहिलं नाही. चूक तिची धरू नका. फोटोत फुलांची अक्षरं मी टाचलेली आहेत, त्यांच्यापुढं उभी आहे ती हीच मुलगी आहे. ती आता माळ फार सुंदर ओवते." शेवटचं वाक्य काढा, असं मुलगा फोनवर म्हणाला. सुनेनं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वावराच्या त्या टोकाला होती. मला कात्री हवी होती. मी तिच्या नावानं हाक मारली. तिच्या, खऱ्या. तिनं वळूनच पाहिलं नाही. परत मारली, तरी नाही. या वावरात तिला कुणी त्या नावानं हाक मारेल हे तिच्या ध्यानीमनीच नव्हतं. मग मी आपलं जुनं घेतलं, तर लगेच, "काय, अहो आई?" मला हसूही आलं आणि रडूही.

पण आमच्या यांनी ऐकलं होतं. ते पाण्याची नळी धरून उभे होते. नळी एकाच सरीत सोडून तसेच उभे राहिले, सरी भरून वाहायला लागली. मी म्हटलं, "अहो, पाणी."

"आमचे मामा," ते म्हणाले, "बांधावरून आईला अशीच हाक मारायचे. दोनदा." मग नळी दुसऱ्या सरीत टाकली. दुपारी जेवताना त्यांनी सुनेकडे ताट सरकवलं आणि तिच्या नावानं म्हणाले, "भाकर वाढ गं." अवघडल्यासारखं म्हणाले, पण म्हणाले. ती भाकर वाढायला उठली आणि चुलीपाशी जरा जास्तच वेळ लावला.

त्यानंतर परत वाट. कागद पाठवले म्हणून काम झपाझप होतं असं नाही. आणखी पाच महिने गेले. पण फरक एवढा झाला की ती नुसती बसली नाही. आधी शेजारच्या दोन मुलांना घरीच शिकवायला लागली, मग सात झाली. बॅगांवरची सतरंजी तिनंच काढली. एका बॅगेतून गरम कपडे काढून उन्हात घातले. मी म्हटलं, "अगं, भरलेली बॅग." ती म्हणाली, "घर आहे, कपाट आहे. बॅगेत कशाला राहायचं कपड्यांनी." भिशीला चहा तिनं दिला आणि त्या बाईला स्वतःच सांगितलं, "काकू, अजून नाही आलं. आलं की तुम्हाला पहिला फोन."

आलं ते दुपारी आलं, मुलं पाढे म्हणत होती तेव्हा. पासपोर्ट पाठवा, एवढंच होतं त्यात, म्हणजे परवानगी मिळाली. तिनं मुलांना पाढा पुरा करू दिला, मग मागच्या दारी माझ्याकडे आली आणि फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. मला इंग्रजी वाचता येत नाही हे ती विसरली होती. पण तिचा चेहरा बघून वाचता येत होतं. मी तिला जवळ घेतलं. माझे हात मातीचे होते, तिच्या ड्रेसवर दोन्ही पंजे उमटले.

आनंद झाला ना? झाला. आणि पाठोपाठ दुसरं काय वाटलं तेही सांगते, आता लपवून काय करू. मनात आलं, एवढ्यात कशाला? दोन वर्षं मी त्या साहेबाला घाई कर म्हणत होते, आणि त्यानं केली तर मला ती फार लवकर वाटली.

बॅगा परत काट्यावर चढल्या. तिसरा मसाला भरला. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "अहो आई, तिकडे उतरल्यावर परत फॉर्म भरावा लागेल. आणखी कुठलं नाव आहे का, विचारतील."

मी म्हटलं, "तुला वाटेल ते लिही. माझी हरकत नाही, आणि मला रागही येणार नाही."

ती बॅगांवर पत्ता लिहायला बसली.

पोचल्यावर फोन आला तो आमच्या सकाळी, मी वावरात एकटीच होते. एक बॅग सव्वा किलोनं जास्त भरली म्हणे. हे ऐकून आमचे हे दिवसभर घुमे होते, आपला काटा असा खोटा निघणं शक्यच नाही म्हणून. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही की वजन झाल्यावर मी कुरडया आत सारल्या होत्या.

मग ती म्हणाली, "आई, त्या रकान्यात मी लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"तुमचं. तिथल्या बाईनं विचारलं, हे कुणी ठेवलं? मी म्हटलं, सासूबाईंनी. ती म्हणाली, छान आहे. दोन्ही छान आहेत."

आता ती तिकडे एका शाळेत मदतनीस म्हणून लागली आहे. रोज फोन येतो, मी गुलाब तोडत असते तेव्हाच. बोंडूक कानात घालायला मलाही तिनंच शिकवलं. हाक कुठल्या नावानं मारायची ते मी ठरवलेलं नाही, जे तोंडात येईल ते. कधी एक येतं, कधी दुसरं. ती दोन्हीला ओ देते.